दुहेरीचं टेनिस पेशा म्हणून: पुण्यातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

‘एकेरीत नाही जमलं तर दुहेरी आहेच की!’ पुण्यातल्या कोर्टांच्या कडेला खुर्च्या टाकून बसलेल्या पालकांच्या तोंडी हे वाक्य कायम असतं. त्यात एक गफलत आहे. दुहेरीच्या स्पर्धेत शिरायला सुरुवातीला बहुतेकांना एकेरीच्या क्रमवारीचाच आधार घ्यावा लागतो, त्यामुळे सतराव्या-अठराव्या वर्षी एकेरी सोडून दिलेला खेळाडू दुहेरीच्या दारातही अडकतो. दुहेरी हा वेगळा पेशा आहे. त्यात सर्व्हिस आणि व्हॉलीइतकंच (टप्पा पडण्याआधी मारलेला फटका) वजन प्रवेशयादीच्या बेरजेला आणि पार्टनरच्या निवडीला असतं.

या पेशाचं आयुष्य मात्र लांब असतं. रोहन बोपण्णाने २०२४ साली मॅथ्यू एब्डेनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली आणि दुहेरीत जगात पहिला क्रमांक मिळवला, तेव्हा तो ४३ वर्षांचा होता. पुण्याच्या अर्जुन कढेने ऋत्विक बोल्लीपल्लीबरोबर अल्माटीत पहिलं एटीपी (पुरुषांच्या व्यावसायिक टूरचं) विजेतेपद मिळवलं ते ऑक्टोबर २०२४ मध्ये, वयाच्या तिशीत. म्हणजे विशीत घाई करायचं कारण नाही, पण विशीत हिशोब चुकवून चालत नाही.

एकेरी कधीपर्यंत खेळायची

ज्युनिअर वयात दुहेरीकडे दुर्लक्ष होतं त्याचं कारण क्रमवारीच्या पद्धतीत आहे. आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) ज्युनिअर क्रमवारीत दुहेरीच्या गुणांचा फक्त चौथा हिस्सा धरला जातो. त्यामुळे मुलं एकेरीत हरली की दुहेरीचा सामना सोडून घरची गाडी पकडतात. हे करू नका. जिल्हा संघटनेच्या आणि एमएसएलटीएच्या (राज्य लॉन टेनिस संघटनेच्या) स्पर्धांपासूनच प्रत्येक आठवड्यात दुहेरी खेळा. पार्टनर कसाही असो, वर्षाला ३०-४० दुहेरीचे सामने अंगाखालून गेले पाहिजेत.

व्यावसायिक स्पर्धांसाठी आयटीएफचा आयपिन हा नोंदणी क्रमांक काढावा लागतो. पहिली पायरी पुरुषांसाठी एम १५ आणि एम २५, महिलांसाठी डब्ल्यू १५ आणि डब्ल्यू ३५. इथे दुहेरीचा ड्रॉ सहसा १६ जोड्यांचा असतो, म्हणजे चार सामने जिंकले की विजेतेपद. एम १५ च्या विजेत्या जोडीतल्या प्रत्येकाला १५ गुण मिळतात, एम २५ ला २५. चॅलेंजरमध्ये, म्हणजे पुरुषांच्या त्यावरच्या पायरीवर, विजेत्याचे गुण स्पर्धेच्या नावातच असतात: चॅलेंजर ५० ला ५०, चॅलेंजर १०० ला १००. पहिल्या फेरीत हरलात तर शून्य. गुण ५२ आठवडे टिकतात आणि मग गळून जातात, त्यामुळे मागच्या वर्षी याच आठवड्यात काय मिळवलं होतं याचा तक्ता कपाटाच्या दारावर चिकटवलेला असू द्या.

एकेरी सोडायची वेळ साधी ओळखता येते. दुहेरीची क्रमवारी एकट्याच्या जोरावर तुम्हाला चॅलेंजरच्या यादीत नियमित नेऊ लागली आणि एकेरीची पात्रता फेरी खेळून शनिवार-रविवारी पाय जड होऊ लागले, की थांबा. त्याआधी थांबलात तर हातातला एक पत्ता कमी होतो.

अमेरिकेतल्या कॉलेज टेनिसचा रस्ता दुहेरीसाठी फार चांगला आहे. कढे ओक्लाहोमा स्टेटकडून खेळला. हांगझो आशियाई स्पर्धेत बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकणारी ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून. तिथे विद्यापीठांच्या लढतीत तीन दुहेरीचे सामने होतात, प्रत्येकी सहा गेमांचा एकच सेट. त्यातले दोन जिंकणाऱ्या संघाला एक गुण. ॲडव्हान्टेज नाही, ड्यूसला (४०-४० ला) एकच निर्णायक पॉइंट. एटीपी आणि डब्ल्यूटीएच्या (महिलांच्या टूरच्या) दुहेरीतही ड्यूसला हीच पद्धत आहे. चार वर्षं दर आठवड्याला हा दाब सोसलेला खेळाडू टूरवर बिचकत नाही.

पार्टनर आणि बेरीज

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा सावकाश बघू.

दुहेरीची क्रमवारी प्रत्येकाची वेगळी असते, पण प्रवेश जोडीला मिळतो आणि तो दोघांच्या क्रमांकांच्या बेरजेवर. प्रत्येक खेळाडू आपला एकेरीचा किंवा दुहेरीचा, जो चांगला असेल तो क्रमांक वापरू शकतो. समजा तुमची दुहेरीतली क्रमवारी ३१० आहे. पार्टनर ‘अ’ दुहेरीत २७०, एकेरीत नाहीच. बेरीज ५८०. पार्टनर ‘ब’ दुहेरीत ६००, पण एकेरीत १९०. त्याचे १९० धरले जातात, बेरीज ५००. यादी ५२० ला तुटली तर ‘अ’बरोबर तुम्ही हॉटेलच्या खोलीत बसता आणि ‘ब’बरोबर सोमवारी कोर्टवर असता.

मग सगळ्यांनी ‘ब’लाच का धरू नये? कारण ‘ब’ एकेरीसाठी आलेला असतो. शुक्रवारी तो एकेरीच्या उपांत्यपूर्व फेरीत तीन सेट खेळला की संध्याकाळच्या दुहेरीत त्याचा खांदा बोलू लागतो, नाहीतर तो माघारच घेतो. जोडीतल्या एकाने माघार घेतली की दुसऱ्याचाही आठवडा संपला. शिवाय ‘ब’बरोबर तुम्ही कधी सराव केलेला नसतो. आमचं मत असं की वर्षाचे दोन तृतीयांश आठवडे एका पक्क्या पार्टनरबरोबर खेळावेत आणि वरच्या दर्जाच्या स्पर्धेत शिरायचं असेल तेव्हाच एकेरीवाल्याला धरावं. तेही उलट नको: छोट्या स्पर्धेत अनोळखी भारी पार्टनर घेऊन फारसं काही कमावता येत नाही.

पक्का पार्टनर निवडताना आधी कोण कुठल्या बाजूला खेळतो ते बघा: कोर्टची उजवी बाजू ड्यूस साइड, डावी ॲड साइड. दोघंही ॲड साइडचे असतील तर एकाला सहा महिने त्रास सोसावा लागेल. दोघंही उजवे असतील तर मधला चेंडू ॲड साइडवाल्याच्या फोरहँडवर येतो, त्यामुळे तिथे भक्कम फोरहँड आणि घट्ट काळजाचा माणूस हवा. डावखुरा ड्यूस साइडला आणि उजवा ॲडला असेल तर दोघांचेही फोरहँड मध्ये येतात. डावखुरा ॲडला गेला तर फोरहँड बाहेरच्या बाजूंना जातात आणि मध्ये दोन बॅकहँड उरतात. दोन्ही चालतं, पण मधला चेंडू कुणाचा हे सामन्याआधी ठरलेलं हवं. ‘तुझा होता’ असं एकमेकांकडे बघून म्हणण्यात गेलेले पॉइंट मोजले तर रडू येईल.

प्रवेशाच्या मुदतीबाबत: आयटीएफच्या पुरुष स्पर्धांना एकेरीची मुदत साधारणपणे स्पर्धेच्या सोमवारच्या १८ दिवस आधीच्या गुरुवारी, दुपारी २ जीएमटी, म्हणजे आपल्या घड्याळात संध्याकाळी साडेसात. दुहेरीची नोंदणी कधी, ऑनलाइन की जागेवर, हे प्रत्येक स्पर्धेच्या फॅक्टशीटमध्ये (माहितीपत्रकात) दिलेलं असतं. ती वाचल्याशिवाय तिकीट काढू नका. यादीबाहेर राहिलात तरी ऑल्टरनेट (राखीव जोडी) म्हणून सही करून दोन दिवस तिथेच थांबण्याची तयारी ठेवा. एकेरीत लवकर हरलेले खेळाडू पुढच्या गावाला निघतात आणि दुहेरीचा ड्रॉ हलतो. अशा वेळी सामन्याच्या कपड्यांत हजर असलेली जोडी आत शिरते, हॉटेलात झोपलेली नाही.

कोर्टवर: नव्वद मिनिटांचा सराव

दुहेरीचं कोर्ट एकेरीपेक्षा दोन्ही बाजूंना ४.५ फुटांनी, म्हणजे १.३७ मीटरने रुंद. नेट मध्यभागी ३ फूट, खांबांपाशी साडेतीन फूट. दुहेरीचं अर्धं डावपेचशास्त्र या सहा इंचांतून निघतं: मध्यातून मारलेल्या चेंडूला नेट खाली मिळतं आणि समोरच्याला कोनही कमी मिळतो. म्हणून टी-वर (सर्व्हिस बॉक्सच्या मधल्या रेषेच्या टोकाशी) आणि अंगावर केलेली सर्व्हिस. बाहेर सरकवलेली सर्व्हिस दिसायला झकास असते, पण रिटर्न करणाऱ्याला साइडलाइनचा रस्ता उघडून देते आणि तुमचा नेटवाला अडकतो.

एका सत्राचा आराखडा असा. टोपलीत ४० चेंडू. ड्यूस साइडला टी-च्या रेषेला लागून आणि रिटर्न करणाऱ्याच्या डाव्या कुशीच्या रेषेत असे दोन डबे ठेवा. दहा-दहाच्या चार फेऱ्या. दहापैकी सात पहिल्या सर्व्हिस आत पडल्या नाहीत तर वेग १० टक्क्यांनी उतरवा, निशाणी बदलू नका. दुहेरीत दुसऱ्या सर्व्हिसवर समोरचे दोघं मिळून तुटून पडतात, तेव्हा वेगापेक्षा टक्का मोलाचा.

मग सर्व्हिसपाठोपाठ पुढे या. समोरच्याची रॅकेट चेंडूला लागायच्या क्षणी दोन्ही पाय जमिनीवर, गुडघे वाकलेले, अंग थांबलेलं. ही छोटी उडी चुकली की सगळं चुकतं: पळता पळता घेतलेली पहिली व्हॉली कंबरेच्या खाली नेटमध्ये जाते. पहिल्या व्हॉलीने पॉइंट जिंकायचा नसतो. ती तिरपी, बेसलाइनपासून दोन मीटरच्या आत पडेल अशी, आणि समोरच्या नेटवाल्यापासून लांब. तिच्यानंतर तुम्ही दोघं नेटवर उभे असता आणि मग जिंकण्याची संधी येते. पुण्यातल्या मुलांची हौस नेमकी उलटी, पहिलाच फटका वाघाचा. २० पैकी १४ व्हॉली निशाणीत पडेपर्यंत पुढे जाऊ नका.

नेटवाल्याचा वेगळा सराव. उभं राहायचं ते सर्व्हिस बॉक्सच्या रुंदीच्या मध्यावर, नेटपासून दोन-सव्वादोन मीटरवर. गल्लीला (दुहेरीच्या बाजूच्या पट्ट्याला) चिकटून उभा राहणारा नेटवाला फक्त स्वतःची अब्रू राखत असतो, सर्व्हिस करणाऱ्याची नाही. पोच करायला, म्हणजे पार्टनरकडे जाणारा रिटर्न मध्ये घुसून मारायला, निघायचं ते तिरपं, नेटच्या दिशेने. आडवं धावलात तर चेंडू छातीशी येईपर्यंत खाली गेलेला असतो. निघायची वेळ: रिटर्न करणाऱ्याची रॅकेट मागून पुढे यायला लागली की. आधी निघालात तर साइडलाइनवरून चेंडू जातो, उशिरा निघालात तर फक्त धावण्याचा व्यायाम होतो. आणि साइडलाइनवरून एक-दोन पॉइंट जाणारच. त्याला घाबरून पोच करणं सोडलं की समोरचा निर्धास्त तिरपे रिटर्न मारत बसतो.

खुणा पाठीमागे हाताने करतात. नेहमीची पद्धत: मूठ म्हणजे जागेवर, उघडा पंजा म्हणजे पोच, एक बोट म्हणजे नुसती हूल. दुसऱ्या सर्व्हिससाठी खूण वेगळी करा, कारण पहिल्या सर्व्हिसची योजना दुसरीला लागू पडत नाही. आय फॉर्मेशनमध्ये नेटवाला मधल्या रेषेवर वाकून बसतो आणि सर्व्हिस करणारा मध्यखुणेजवळून मारतो. समोरच्याचे तिरपे रिटर्न अचूक लागत असतील तेव्हा हे काढायचं, रोज नाही. यात गुडघ्यांवर ताण येतो. बोपण्णाने गुडघ्यांच्या दुखण्यावर अय्यंगार योगाचा उपयोग झाल्याचं जाहीरपणे सांगितलं आहे. त्या योगाचं माहेरघर पुण्यातच असताना इथल्या खेळाडूने तिकडे वळू नये हे नवल.

रिटर्नचं काम एकच: पुढे येणाऱ्याच्या पायांशी. दुसऱ्या सर्व्हिसवर बेसलाइनच्या अर्धा पाऊल आत उभे राहा, मागचा झोका अर्धा करा आणि दहापैकी आठ रिटर्न खेळात ठेवा. लॉबचा (डोक्यावरून जाणाऱ्या उंच फटक्याचा) सराव करायचा असेल तर क्लबात सकाळी सहाला दुहेरी खेळणाऱ्या साठीतल्या काकांबरोबर आठवड्यातून एकदा खेळा. ते धावत नाहीत. स्लाइस आणि लॉबवर तुम्हाला तासभर नाचवतात, वर चहालाही थांबवून घेतात.

सत्राच्या शेवटी २० निर्णायक पॉइंट. ४०-४० ला कुठल्या बाजूने रिटर्न घ्यायचा हे रिटर्न करणारी जोडी ठरवते, म्हणून दोघांनी आधीच ठरवून ठेवा: समोर कोण सर्व्हिस करतोय त्यावर कोण घेणार. कोर्टवर चर्चा सुरू झाली की समोरच्यांना कळतं की तुम्ही गोंधळलात.

ऊन, उंची आणि रॅकेटचा गट

दुहेरीत एक गंमत आहे. सेटमध्ये प्रत्येक खेळाडूला सर्व्हिस कायम एकाच टोकाकडून करावी लागते, टोकं बदलण्याचा क्रमच तसा जुळतो. त्यामुळे सेटच्या सुरुवातीला पहिला कोण सर्व्हिस करणार हा मानापानाचा प्रश्न नाही. थंडीत सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. कोर्ट उत्तर-दक्षिण असेल तर दक्षिणेकडे तोंड करून सर्व्हिस करणाऱ्या डावखुऱ्याच्या टॉसमध्ये सकाळी ऊन येतं आणि उजव्याच्या टॉसमध्ये दुपारनंतर. त्यानुसार टोक वाटून घ्या. क्रम प्रत्येक सेटला बदलता येतो, आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा सुपर टायब्रेक असेल तर त्याच्या सुरुवातीलाही. हे अनेक जोड्यांना माहीत नसतं.

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. मुंबई-चेन्नईच्या सवयीने मारलेला लॉब इथे हातभर लांब जातो. तिकडून येणाऱ्याने गट (रॅकेटच्या तारा) अर्धा किलोने घट्ट करावा, इथून तिकडे जाणाऱ्याने तेवढाच सैल. बॅगेत किमान चार रॅकेट. गटिंग स्वतःला यायला हवं: २०० मीटरच्या रिळातून १२ मीटरप्रमाणे १६ रॅकेट होतात आणि स्पर्धेच्या ठिकाणी डॉलरमध्ये मोजावे लागणारे पैसे वाचतात.

पावसाळ्यात पुण्यातली उघडी कोर्टं जून ते सप्टेंबर भरवशाची नसतात. ते महिने परदेशी स्पर्धांना आणि जिमला द्यावेत.

पैशांचं गणित

एम १५ च्या स्पर्धेत एकूण बक्षीस १५,००० डॉलर, पण दुहेरीच्या विजेत्या जोडीला त्यातले हजारापेक्षाही कमी मिळतात, आणि तेही दोघांत. म्हणजे विजेतेपद मिळवूनही वाट्याला ५०० च्या आत, वर कर. समजा खोली रात्रीला ५० डॉलर आणि दोघांत वाटलेली: सात रात्रींचे तुमचे १७५. खाणं रोजचे २० धरले तर १४०. गटिंग आणि टॅक्सीचे ५०. जिंकलात तर आठवडा निघाला, विमानाचं भाडं नाही. पहिल्या फेरीत हरलात तर सगळं खिशातून. म्हणून या पातळीवर तीन-चार स्पर्धा एकाच देशात सलग असतील तिथेच जा. एका स्पर्धेसाठी एक विमान हा प्रकार वर्षभरात बँकेचं पासबुक कोरडं करतो.

घराजवळचे आठवडे वाया घालवू नका. बालेवाडीत २०१८ ते २०२३ दरम्यान एटीपी २५० दर्जाची महाराष्ट्र ओपन झाली. तिथे २०१९ मध्ये बोपण्णा आणि दिविज शरण, २०२२ मध्ये बोपण्णा आणि रामकुमार रामनाथन विजेते ठरले. २०२४ आणि २०२५ मध्ये त्याच संकुलात महा ओपन चॅलेंजर झाली. घरच्या स्पर्धेत वाइल्ड कार्ड (क्रमवारी न बघता दिलेला प्रवेश) मागायचं असेल तर संघटनेकडे महिनाभर आधी, जोडीच्या दोघांचे निकाल जोडून, लेखी अर्ज करा. आदल्या आठवड्यातल्या फोनला फारसा अर्थ नसतो. जर्मनीतल्या बुंडेसलिगासारख्या क्लब लीगमध्येही दुहेरीचे सामने असतात आणि सामन्यामागे ठरलेले पैसे मिळतात. युरोपात असताना ते आठवडे खर्च भागवतात.

युरोपचं वेळापत्रक आखताना शेंगेनचा नियम आधी: कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. मे ते सप्टेंबर सलग आखलेला दौरा इथे फसतो. मध्ये ब्रिटन, तुर्कस्तान, कझाकस्तान असे शेंगेनबाहेरचे आठवडे पेरा आणि जिथे लागतो तिथला व्हिसा निघण्याआधीच हातात ठेवा. पासपोर्टात कोरी पानं शिल्लक आहेत ना तेही बघा.

परदेशात बक्षिसातून कर कापूनच पैसे मिळतात. अमेरिकेत तो ३० टक्क्यांपर्यंत जातो. प्रत्येक स्पर्धेत कापलेल्या कराची पावती त्याच दिवशी मागून घ्या, कारण इथे विवरणपत्र भरताना तिच्याशिवाय सवलत मिळत नाही. आठ महिन्यांनी ईमेल करून ती मिळवणं म्हणजे दुसरी नोकरीच.

औषधं आणि फोन

आयुर्वेदिक चूर्ण, जिममधली प्रोटीन पावडर, घरच्या डॉक्टरांनी दिलेली सर्दीची गोळी: घटक छापलेले नसतील तर तोंडात टाकू नका. बंदी घातलेलं द्रव्य नकळत गेलं तरी उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं. इंजेक्शन किंवा इनहेलरची खरी गरज असेल तर वापरण्याआधी वैद्यकीय परवानगी काढा.

टेनिसवर कुठल्याही प्रकारची पैज खेळाडूला निषिद्ध आहे, दुसऱ्याच्या सामन्यावरसुद्धा. छोट्या स्पर्धांत कमाई तुटपुंजी असल्याने फिक्सिंगवाले इथेच गळ टाकतात. सुरुवात बहुधा साध्या प्रश्नाने होते: ‘पार्टनरच्या पाठीचं कसं आहे?’ असा संदेश आला तर उत्तर न देता टेनिसच्या सचोटी संस्थेला कळवा. न कळवणं हाही नियमभंग आहे.

जोडी मोडताना

सगळ्या जोड्या कधी ना कधी सुटतात. लिअँडर पेस आणि महेश भूपती १९९९ मध्ये चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत पोचले होते, तरी सुटले. सलग सहा आठवड्यांत चार वेळा पहिल्या फेरीत हरलात तर बसून बोला. सहा महिन्यांत बेरीज खाली आली नसेल तर वेगळं व्हा. सांगायचं ते पुढच्या प्रवेशयादीची मुदत संपायच्या किमान आठवडाभर आधी, समोरासमोर किंवा फोनवर, म्हणजे दुसऱ्याला पार्टनर शोधायला वेळ मिळतो. आधीच नावं दिलेल्या स्पर्धा शक्यतो खेळून घ्या आणि खोल्या, तिकिटं, गटिंगचा उधार हिशोब त्याच आठवड्यात मिटवा. चार महिन्यांनी कुठल्यातरी गावात, नोंदणीच्या टेबलापाशी, तोच माणूस पार्टनर शोधत उभा असतो, आणि त्याच्या शेजारी तुम्ही.